गिटारमधले वाकडे वेढे

माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार बनवून घ्यायला येणाऱ्या माणसाच्या हातात मी आधी एक कागद देते. दोन्ही बाजूंनी भरायचा. लाकूड शिवण जातीचं हवं की तून, ज्यावर डावी बोटं फिरतात ती दांडी मागून गोल हवी की चपटी, रंग कुठला, बटणं कुठल्या घाटाची. हा कागद मी फार हौसेने तयार केला होता. माणसाने जरा आपल्या हाताकडे बघावं, आपण उभं राहून वाजवतो की बसून ते आठवावं, अशी माझी भाबडी अपेक्षा. प्रत्यक्षात लोक हे सगळं 'तुम्हाला योग्य वाटेल ते' म्हणून सोडून देतात आणि शेवटच्या ओळीवर येतात. 'नवी दिसावी की जुनी?' तिथे मात्र समास भरेपर्यंत लिहितात.

सगळ्यांना जुनीच हवी असते. साठ वर्षांपूर्वी परदेशात बनलेली आणि आजोबांनी वाजवून वाजवून झिजवलेली वाटली पाहिजे. आजोबांनी हयातभर कारकुनी केली आणि गिटार फक्त लग्नाच्या वरातीत लांबून पाहिली, तरी झिजवलेली त्यांनीच. मग मी इथे पुण्यात, कसबा पेठेत बसून, पंधरा दिवस थरावर थर देऊन चढवलेला रंग, जिथे उजवा हात टेकतो तिथे पॉलिश पेपरने उतरवते. नवेकोरे स्क्रू मिठाच्या पाण्यात टाकून गंजवते. पाठीवर कमरपट्ट्याच्या बकलाचे ओरखडे काढते. एकाला दांडीच्या टोकाला जळती सिगारेट खोचून ठेवल्याचा डाग हवा होता. गृहस्थ स्वतः सुपारीसुद्धा खात नाहीत. मी उदबत्तीने चटका दिला. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "मॅडम, मोगऱ्याचा वास येतोय."

"तुमच्या आजोबांना आवडत असेल," मी म्हटलं.

माझ्या चिडचिडीचं कारण साधं आहे. रंग चढवताना माझं सगळं कसब लागतं आणि कौतुक होतं ते उतरवल्याचं.

दुकान खरं तर अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी इथे मोटार वाइंडिंग केलं. पंप, मिक्सर, पंखे, पिठाच्या गिरणीची मोटार, काहीही जळलं की लोक इथे घेऊन यायचे. अण्णा आतली काळी पडलेली तांब्याची तार कापून काढायचे आणि नवी गुंडाळायचे. वेढ्याला वेढा चिकटून, एकावर एक न चढता. एक जरी वेढा दुसऱ्यावर आडवा गेला की ते सगळं पुन्हा सोडवायचे, मग गिऱ्हाईक समोर उभं राहून घड्याळ बघत का असेना. मी शाळेत असल्यापासून त्यांच्याशेजारी बसून हे शिकले. माझा वेढा वाकडा गेला तर ते ओरडत नसत. नुसती कात्री पुढे करत.

माझ्या धंद्यावर त्यांनी एकदाच मत दिलं. "जळका मिक्सर आणतात आणि दुरुस्तीचं ऐकलं की म्हणतात, राहू द्या काका, नवाच घेतो. आणि तुझ्याकडे नवी गिटार घेऊन तिची वाट लावून मागतात. चालू दे."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहा सांडायला लागला, मग सही हलायला लागली. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, गोळ्यांनी थोडं कमी होईल. ते काही झालं नाही. एका सोसायटीच्या पंपाची मोटार त्यांनी भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून दिली आणि ती आठ दिवसांत पुन्हा जळली. अण्णांनी ती उघडून पाहिली, मला भरायला सांगितली, आणि त्या दिवसापासून दुकानात खाली उतरणंच बंद केलं. वरच्या खोलीत बसून राहायचे. वर्तमानपत्र गादीवर पसरून वाचायचे, कारण हातात धरलं की अक्षरं हलायची. मी रोज कोथरूडहून गाडीवर यायचे, वर डोकावायचे आणि खाली कामाला लागायचे. त्यांच्याशी काय बोलावं हे मला कळत नव्हतं, आणि न कळण्याचाही राग येत होता.

आता मुद्द्याची गोष्ट. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडातून थोडाच येतो. तारांच्या खाली एक पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर गिटारची तार हलली की या वेढ्यांत वीज उमटते आणि ती पुढे स्पीकरमध्ये जाते. बाकीचे गिटारवाले पिकअप विकत आणतात. मी घरचेच बनवते, कारण वाइंडिंग मला येतं. शिवणयंत्राच्या मोटारीवर पट्टी फिरवायची आणि तार दोन बोटांतून डावी-उजवी नेत राहायची. माझे वेढे अण्णांच्या शिकवणीतले. भिंग लावून बघा, एक चढलेला सापडणार नाही. मला त्याचा अभिमान होता.

तो उतरवला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका माणसाने. वय पस्तिशीचं, तोंडाने गोड, आणि गिटारविषयी इतकं वाचलेला की त्याने वाजवायला वेळ कधी काढला याचंच मला आश्चर्य वाटायचं. त्याने गिटार नेली आणि आठवड्यात परत आणली.

"मॅडम, आवाज नीट आहे. पण नीटच आहे."

"म्हणजे काय करायचं होतं?"

"विंटेजमध्ये वेढे रॅंडम असायचे. हाताने करायचे ना तेव्हा, कसेही. त्यामुळे तो मोकळा साउंड यायचा. तुमचं फारच परफेक्ट झालंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण गिऱ्हाईक मोठं होतं, त्याच्या ओळखीचे चारजण रांगेत होते. म्हटलं, बरं, वाकडं करून देते. आणि मग कळलं की ते मला येत नाही. मी डोळे मिटून गुंडाळलं, मान दुसरीकडे करून गुंडाळलं, फोनवर भांडता भांडता गुंडाळलं. बोटं तेवढ्यातल्या तेवढ्यात तारेची जागा शोधायची. मुद्दाम वाकडं नेलं की वाकडंही ठरावीक अंतराने जायचं. तीन दिवस मी वाईट काम करायचा जीव तोडून प्रयत्न केला आणि तेही मला चांगलंच जमत होतं.

चौथ्या दिवशी अर्धी गुंडाळलेली पट्टी यंत्रावर तशीच ठेवून मी बुधवार पेठेत तार आणायला गेले. परत आले तर अण्णा यंत्रासमोर बसलेले. दोन वर्षांत पहिल्यांदा खाली उतरलेले. पट्टी पूर्ण भरलेली.

"अर्धवट टाकून जाऊ नये," एवढंच बोलून ते जिना चढून गेले.

मी ती उजेडात धरली. चिमणीने घरटं बांधावं तसे वेढे पडले होते. मला रडू आलं. ती टाकून द्यायची होती, पण अण्णा कचऱ्याच्या डब्यात बघतील म्हणून मी ती चाचणीच्या गिटारमध्ये बसवून टाकली, नजरेआड व्हावी म्हणून. संध्याकाळी हिंजवडीवाला टपकला आणि त्याने नेमकी तीच गिटार उचलली. दोन मिनिटं वाजवून थांबला.

"हाच! मॅडम, हाच साउंड! कोणी केलंय हे?"

मी खरं सांगून टाकलं. वडिलांनी केलंय, त्यांच्या हाताला कंप आहे. त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला. मला तेव्हाच त्याला बाहेर काढायला हवं होतं. पण मला आनंदही झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. तो पिकअप मी त्याच्या गिटारमध्ये बसवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले आणि अण्णांना म्हटलं, माझ्याकडे कामं साठलीत, पिकअप तुम्ही भरून द्याल का?

"माझा हात बघितलास?"

"चालतं, अण्णा."

"चालतं म्हणजे? चालतं असं काम आपण कधी दिलं?"

"चांगलं झालंय. गिऱ्हाइकाला आवडलं."

यात शब्द एकही खोटा नव्हता. तरी जिना उतरताना मला खोटं बोलून आल्यासारखं वाटत होतं.

मग ते रोज दहाला खाली यायला लागले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, नाकावर चष्मा. मी यंत्र हळू केलं. बोटांचा हलकेपणा त्यांचा तसाच होता, त्यामुळे तार क्वचितच तुटायची. जायची फक्त भलतीकडे. हिंजवडीवाल्याने मित्रांना सांगितलं आणि माझ्या त्या हौशी कागदावर मला एक ओळ वाढवावी लागली. 'पिकअपचं वाइंडिंग: माझं की अण्णांचं?' सगळे अण्णांचं लिहायचे. एकदा तो कागद अण्णांच्या हाती लागला. त्यांनी टेबलावर ठेवून तो सावकाश वाचला.

"दर्दी लोक आहेत अजून," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या दुकानदाराला हाक मारून चहा पाजला.

पहिला धरून सात पिकअप झाले. जेवण वाढलं, झोप लागायला लागली, माझ्या रंगकामात खोड्या काढायला लागले. मला वाटलं, कोणाचं काय बिघडतंय? आणि ते कुठे बिघडणार आहे याचा अंदाज मला यायलाच हवा होता, कारण चाळीस वर्षं मी या माणसाला बघत होते. लोक आपलं काम मागतात म्हटल्यावर अण्णा ते सुधारायला लागले.

लाकडाचा एक तुकडा घेऊन त्यांनी तो मनगटाच्या घाटाने खोलगट तासला, वर मखमलीचं कापड चिकटवलं आणि यंत्राला जोडला. त्यावर कोपरापासून हात टेकवून ठेवला की कंप पुष्कळ कमी व्हायचा. तासाभरात होणारं काम ते आता दिवसभर पुरवायचे. थोडं झालं की थांबायचे, हात थोपटायचे, पुन्हा धरायचे. मी माझ्या तासकामात होते. माझं लक्षही गेलं नाही.

पंधरवड्याने हिंजवडीवाला मागाहून करवून नेलेली दुसरी गिटार परत घेऊन आला. या वेळी तोंड गोड नव्हतं.

"मॅडम, हे काकांचं नाही. तुम्ही स्वतः केलंय आणि काकांचं म्हणून दिलंय."

"त्यांनीच केलंय."

"मग आवाज असा का? सॉरी, पण हे चीटिंग आहे."

धंद्याच्या चोवीस वर्षांत मला कोणी फसवी म्हटलं नव्हतं. तो गेला आणि मी तणतणत आतल्या बाजूला गेले. अण्णा नुकता भरलेला एक पिकअप भिंगाखाली धरून बसले होते. माझ्याकडे बघून हसले. त्यांचं असं हसणं मी विसरूनच गेले होते.

"ये, बघ. एक तरी चढलाय का दाखव."

एकही नव्हता. माझ्यापेक्षा सरस काम होतं. आणि माझं डोकं त्या क्षणी इतकं फिरलेलं होतं, की मी त्या माणसाचा राग या माणसावर काढला.

"अण्णा, कशाला केलंत हे? वाकडंच हवंय त्यांना! तुमचा हात थरथरतो म्हणून तर घेतात सगळे!"

बोलले आणि जीभ चावली. उपयोग काय? अण्णांनी भिंग खाली ठेवलं. यंत्राचा दिवा बंद केला. मखमलीच्या कापडावरून एकदा बोट फिरवलं.

"कागदावर लिहिलं होतंस तसं?"

"नाही."

"पण त्यांना माहीत होतं."

"हो."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं," ते म्हणाले आणि वर गेले.

सकाळी मला वाटलं होतं, ते उतरणार नाहीत. पण मी शटर उघडलं तेव्हा ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले होते.

"त्या सातजणांचे कागद दे. फोन नंबर आहेत ना त्यावर?"

"कशाला?"

"त्या सातांवर माझी खूण आहे."

वाइंडिंगवाल्यांची ही एक रीत आहे. भरलेल्या मोटारीच्या आत, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, तिथे टोच्याने आपली खूण करायची. अण्णांची खूण दोन उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक आडवी, खाली महिना आणि साल. मोटार कधी परत आली आणि आत आपली खूण दिसली, की ती बिनबोभाट पुन्हा भरून द्यायची, वाद घालायचा नाही. पिकअपच्या तळाशी असलेल्या पितळी पत्र्यावर अण्णा पहिल्यापासून तीच खूण करत होते. मी रोज बघत होते आणि मला त्याचा अर्थ सुचला नव्हता. ते त्या सातही वाकड्या कामांची हमी घेत होते.

त्यांनी एकेकाला फोन लावला. नंबर मला दाबून द्यायला सांगितले, बोलले स्वतः. "तुमच्या गिटारमधलं माझं काम चुकलेलं आहे. आणून द्या, नीट भरून देतो." पलीकडची माणसं आधी गोंधळायची, मग नको नको म्हणायची. एकाने हसून विषय बदलला. एक म्हणाला, काका, अजिबात हात लावू देणार नाही. एकाने, आणि हे मला फोन कानाला न लावताही ऐकू आलं, विचारलं, "काका, हात अजून तसाच आहे ना? मला आणखी एक करून घ्यायचाय." मी फोन ओढून घेणार होते. अण्णांनी मला हातानेच थांबवलं.

"आहे," ते म्हणाले. "आणखी काही?"

सातपैकी एकच आला. हिंजवडीवाला. तोही चुकलेलं काम द्यायला नव्हता आलेला. चीटिंग म्हटल्याची माफी मागायला आला होता आणि पाठीवर पहिली गिटार होती, ती चिमणीच्या घरट्याची. अण्णांनी ती टेबलावर ठेवायला सांगितली. मी तारा सैल केल्या, स्क्रू काढले आणि पिकअप बाहेर काढून अण्णांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी भिंगातून पाहिला, सगळ्या बाजूंनी.

"दोन तास द्या. सगळं उलगडून पुन्हा भरतो."

"काका, प्लीज नको," तो म्हणाला. आवाज खरंच कळवळलेला होता. "मी आयुष्यात इतका सुंदर आवाज ऐकलेला नाही. तुम्हाला कळत नाहीये तुम्ही काय केलंय."

"मला कळतंय मी काय केलंय," अण्णा म्हणाले. "वायर वायरीवर चढलीय, मोजायची म्हटली तर मोजता येणार नाही इतक्या ठिकाणी. तुम्हाला आवडलंय ना? घेऊन जा. माझी हरकत नाही. पण हे माझं काम नाही."

त्यांनी पिकअप उलटा केला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, भिंग हवंय. त्यांना कानस हवी होती. त्यांनी ती पितळी पत्र्यावरच्या आपल्या खुणेवर टेकवली. पहिल्याच फटक्याला ती घसरली आणि तारेपासून केसभर अंतरावरून गेली. दुसऱ्यांदा घसरली तेव्हा हिंजवडीवाल्याने डोळे मिटून घेतले. लाकडाचा तो मखमली तुकडा यंत्राला जोडलेला होता, यंत्र पलीकडच्या टेबलावर होतं. अण्णा थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मनगट धर."

मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. आत काहीतरी सारखं धडपडत होतं. दिसत होतं त्याहून किती तरी जास्त. मी सात गिटारी या हाताच्या जोरावर विकल्या होत्या, आणि तो मी दोन वर्षांत एकदाही हातात घेतला नव्हता. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटलेली नाही.

"घट्ट," अण्णा म्हणाले.

मी घट्ट धरलं. आडवी रेघ गेली, मग दोन उभ्या, मग साल आणि महिना. पितळेचा भुगा त्यांनी फुंकून टाकला, पत्र्यावरून अंगठा फिरवून काही राहिलं नाही ना ते पाहिलं आणि पिकअप त्या माणसाच्या हातात दिला.